फाइलमधलं आईचं पान: बाळ वेळेआधी झालं तर आईच्या मनाची काळजी कशी घ्यायची

माझी मुलगी ३१व्या आठवड्यात झाली, १३८० ग्रॅमची. ३८ दिवस ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. डिस्चार्जच्या दिवशी तिची जाडजूड फाइल हातात पडली. रोजचं वजन, दर दोन तासांचं फीड, कावीळ किती, ऑक्सिजन कधी काढला, सगळं त्यात होतं. माझ्याबद्दल एकच नोंद सापडली, पहिल्या पानावर: 'मदर स्टेबल'. ती सिझेरियनच्या टाक्यांबद्दल होती आणि टाके खरंच ठीक होते.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एकदा तव्यावरची पोळी काळी होऊन घरभर धूर झाला, आणि मी उलथनं हातात धरून नुसती बघत उभी होते. हात हलवावासाच वाटत नव्हता. सासूबाईंनी गॅस बंद केला. बोलल्या काही नाहीत, पण रात्री माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिचं काहीतरी बिनसलंय. हे नुसतं दमणं नाही."

तेव्हापासून ओळखीत कुणाचं बाळ लवकर झालं की मी एकच सांगते: बाळाच्या फाइलमध्ये आपलं एक पान घाला. मी डॉक्टर नाही. पण तो रस्ता चालून आलेय, आणि कुठे खड्डे आहेत ते माहीत आहे.

आधी हे पान कशासाठी, ते

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालेलं बाळ म्हणजे प्रीमॅच्युअर. आपल्याकडे त्याला सातमाशी, अठमाशी म्हणतात. बाळंतपणानंतरची उदासी दिवस भरलेल्या बाळांच्या आयांनाही येतेच. गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना डिप्रेशन आढळलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणी गरोदरपणातच खचलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याचं दुःख यांनी धोका वाढत होता. बाळ वेळेआधी झालं की या सगळ्यावर भीती, अपराधीपणा आणि ताटातूट यांची भर पडते. अशा आयांमध्ये डिप्रेशन, चिंता आणि आघातानंतरचा ताण जास्त प्रमाणात दिसतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आलं आहे.

यातली फसवी गोष्ट अशी की बाळ अत्यवस्थ असताना आई बहुतेकदा ताठ उभी असते. कोसळते ती नंतर, बाळ घरी आल्यावर, जेव्हा सगळे पेढे मागत असतात. म्हणून नोंद लागते. आपल्याला कसं वाटतंय हे आपल्याच लक्षात राहत नाही.

पान कसं करायचं

साधी वहीची दुरेघी पुरते. रोज चार ओळी: झोप, जेवण, मन, आणि आज बरं वाटलेली एखादी गोष्ट. शेवटची ओळ रिकामी राहिली तर राहू द्या, ओढूनताणून काही लिहू नका. मात्र सलग दहा-बारा दिवस ती रिकामीच असेल, तर तेही एक उत्तर आहे.

झोपेच्या ओळीत एक फरक नीट लिहा. झोप *मिळाली* नाही, की मिळूनही *आली* नाही? रात्री दोनदा उठून पंपाने दूध काढणाऱ्या बाईला झोप मिळत नाहीच, त्यात आजार नाही. पण बाळ दुसऱ्याजवळ आहे, खोलीत अंधार आहे, अंग मोडून आलंय आणि तरी डोळा लागत नाही, असं चार-पाच रात्री झालं तर डॉक्टरांना सांगायचं. मला माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता.

आठवड्यातून एकदा एक ओळ दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या. नवरा, बहीण, आई, सासू, जी रोज समोर असते ती व्यक्ती. आपल्याला 'ठीक' वाटणारे दिवस त्यांना कसे दिसतात ते कळतं.

आणि पानाच्या डोक्यावर काही तारखा आत्ताच टाकून ठेवा: बाळंतपणानंतरचा १४वा दिवस, ६ आठवडे, डिस्चार्जनंतरचे २ आठवडे, मग ३ आणि ६ महिने. या दिवशी एडिंबरा प्रश्नावली भरायची. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली, १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही दहा प्रश्नांची यादी जगभर वापरतात. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे मागा. गेल्या ७ दिवसांबद्दलच विचारलेलं असतं: हसू येतं का, कशाची वाट बघावीशी वाटते का, कारण नसताना स्वतःला दोष देता का, उगाच घाबरायला होतं का, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारणपणे १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जायचंच. १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरायची, आणि मधल्या काळात कुणाशी तरी बोलायचं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर बाकीची बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी बोला. ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान डॉक्टर करतात.

पहिले चार-पाच दिवस

तिसऱ्या दिवसाच्या आसपास दूध उतरतं आणि त्याच सुमारास रडू कोसळतं. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. आपल्या बाबतीत कठीण एवढंच की वॉर्डात शेजारच्या खाटेवर बाळ असतं आणि आपल्या कुशीत उशी.

मला एका सिस्टरने दटावलं होतं, "रडू नका, दूध आटेल." रडण्याने दूध आटत नाही. ताण असला की दूध उतरायला वेळ लागतो, एवढंच खरं. दूध टिकतं ते वरचेवर काढल्याने, दिवसरात्र मिळून साधारण आठ वेळा. तेव्हा रडा आणि काढा, दोन्ही एकदम करता येतं.

आणखी एक. पहिल्यांदा बाळ बघून काहीच वाटलं नाही, किंवा 'हे माझंच ना?' असं वाटलं, तर दचकू नका. नळ्यांमधल्या, चापट्या नाकाला सिपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा) मास्क लावलेल्या त्या जिवाकडे बघून मला पहिल्यांदा भीतीच वाटली. माया काही दिवसांनी आली. काहींना काही आठवडे लागतात.

एनआयसीयूचे दिवस

इथे रोजचा क्रम ठरवून घेतला की निम्मी धडधड कमी होते.

डॉक्टरांना भेटायची वेळ एकच धरा आणि तीन प्रश्न लिहून न्या. मी आधी दर सिस्टरला वेगवेगळं विचारायचे, प्रत्येकीचं उत्तर जरा वेगळं यायचं आणि त्या फरकावर मी रात्र काढायचे. नातेवाइकांना कळवायचं काम एकाकडेच द्या. आमच्याकडे दीर रोज संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकायचा, बाकी कुणी मला फोन करायचा नाही असं ठरलं होतं. काही आत्या रुसल्या. रुसू दिलं.

वजनाचा आकडा रोज बघाल, बघितल्याशिवाय राहवणार नाही. पण पहिल्या दिवसांत वजन उतरतं आणि जन्माच्या वजनावर परत यायला दोन आठवडे सहज लागतात. नंतरही एखाद्या दिवशी वाढ शून्य असते, आणि ओला डायपर तेवढ्यात वीस-तीस ग्रॅमची चलाखी करून जातो. आठवड्याचा हिशेब बघा. सोमवार ते सोमवार.

मॉनिटरकडे पाठ करून बसायची जागा मागा. हे मला कुणी सांगितलं नाही, तिसऱ्या आठवड्यात माझं मलाच सुचलं. अलार्म वाजला तर सिस्टर बघतात, ते त्यांचं काम. आपण बाळाकडे बघायचं. एक हात डोक्यावर, एक हात पायांशी, स्थिर ठेवायचा. चोळायचं, थोपटायचं नाही, इतक्या लहान बाळाला ते सोसत नाही.

आणि मग कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर उभं धरून वर कापड बांधणं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, जिच्यात दिल्लीचं एक रुग्णालयही होतं, जन्मल्यावर लगेच हे सुरू केलेल्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जमेल तितक्या लवकर सुरू करा आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्या. आईची उदासीही याने कमी होते, असं दिसलं आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर मुलीला पहिल्यांदा छातीवर ठेवलं त्या दुपारी मी तेरा दिवसांत पहिल्यांदा बसल्याबसल्या झोपले.

पण हे तास म्हणजे शिक्षा नव्हे. टाके दुखत असतील, घरी मोठं मूल असेल, युनिट लांब असेल, तर जमेल तेवढं करा. बाळाचा बाबा, आजी, मावशी यांनाही धरता येतं. 'आज दोनच तास झाले' अशी नोंद आपल्या पानावर करू नका, ते बाळाच्या फाइलमध्ये असतंच.

दुधाबद्दलही तेच. पुरेसं येत नसेल तर युनिटमध्ये दात्या आईचं दूध मिळतं का विचारा. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. दुसऱ्या बाईचं दूध आपल्या बाळाच्या पोटात गेलं म्हणून आपण कमी आई ठरत नाही.

घरचे आणि दारचे

'आठव्यातलं वाचत नाही, सातव्यातलं वाचतं' हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. हे चूक आहे. पोटात राहिलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो, ३४ आठवड्यांचं बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा बळकट. ग्रहणात काय चिरलंस, पपई खाल्लीस का, स्कूटीवर कशाला बसत होतीस, हे पाठोपाठ येतं. अनेकदा लवकर बाळंतपणाचं नेमकं कारण सापडतच नाही. जिथे सापडतं तिथे ते रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळं, पिशवीचं तोंड सैल असणं अशा गोष्टींत असतं. आपल्या केसपेपरवर काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून एकदा समजून घ्या आणि स्वतःच्या अक्षरात पानावर उतरवा. रात्री तीन वाजता 'मी काय केलं असतं तर' सुरू झालं की वाचायला उपयोगी पडतं.

उत्तर देत बसू नका. "डॉक्टरांनी कारण सांगितलंय, ते वेगळं आहे" हे एक वाक्य पाठ करून ठेवा आणि विषय बदला. बारसं पुढे ढकला. पाचवीची पूजा घरच्यांना करायची असेल तर करू द्या, आपण झोपा. सव्वा महिना माहेरी राहायचं की युनिटजवळ, हा वाद झाला तर बाळाच्या जवळ राहून आईला झोप कुठे मिळेल, एवढंच बघायचं. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर डब्यातून युनिटबाहेरच्या बाकावरही खाता येते.

डिस्चार्जनंतर

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. ३८ दिवस यंत्रं आणि सिस्टर मिळून जे बघत होत्या ते एका रात्रीत आपल्यावर येतं. डिस्चार्जच्या आधी एक-दोन रात्री रुग्णालयातच बाळ आपल्याजवळ द्यायला सांगा, बऱ्याच ठिकाणी देतात. 'रात्री काही वाटलं तर कुणाला फोन करू' याचं उत्तर नंबरासकट लिहून घ्या.

मी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर विकत आणलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. रात्री तिच्या एवढ्याशा पायाला ते धरून आकडा बघायचे; हललं की चुकीचा आकडा, की पुन्हा. एका रात्री मोजलं तर सव्वीस वेळा. शेवटी नवऱ्याने ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर घरी यंत्र आणि वजनकाटा आणू नका. तुमचं बाळ घरी ऑक्सिजनवर असेल तर गोष्ट वेगळी.

वॉशिंग मशीन संपल्याचा बीप ऐकून अंगाला घाम फुटणं, सॅनिटायझरच्या वासाने पोटात गोळा येणं, फॉलोअपचा दिवस आला की त्या इमारतीत पाय न टाकवणं, हे आघाताचे पडसाद आहेत. काही आठवड्यांत विरतात. महिन्याभरानंतरही तसेच असतील, रात्री तेच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर त्यावर उपचार आहेत.

बाळ हातातून पडेल, श्वास थांबेल, आपल्याच हातून काहीतरी होईल, अशी चित्रं डोळ्यांसमोर येतात. बायका हे कुणाला सांगत नाहीत, वेड लागलं म्हणतील म्हणून. असे विचार पुष्कळ आयांना येतात, आणि त्यांची आपल्याला भीती वाटते यातच खूण आहे की आपल्याला तसं करायचं नाही. डॉक्टरांना सांगा, त्यांना हे नवीन नसतं.

झोपेचा प्रश्न सोडवल्याशिवाय बाकी काही सुटत नाही. सलग चार-पाच तास कुणीतरी बाळाला पूर्ण सांभाळायचं, काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा पलाडीने (चोचीच्या छोट्या भांड्याने) द्यायचं, आणि आईने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. आमच्याकडे दहा ते अडीच सासूबाईंची पाळी होती. त्या पाळीने मला जितकं सावरलं तितकं पहिल्या महिन्यात कशानेच नाही.

डॉक्टरांकडे जाताना

उदासी, कशातच मन न लागणं, सतत धास्ती, 'माझ्यावाचून बाळाचं बरं होईल' असं वाटणं, यातलं काही दोन आठवडे टिकलं तर जायचं. 'मला कसंतरी होतंय' असं मोघम सांगितलं की लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवतात, माझं पहिल्यांदा तसंच झालं. पान पुढे ठेवा आणि सांगा: इतक्या दिवसांपासून, रोज, या या गोष्टी अडल्या आहेत. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतो आणि तो उदासीसारखाच दिसतो.

सौम्य त्रासाला समुपदेशन पुरतं. जास्त असेल तर गोळ्या. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत. सर्ट्रालीनसारखी गोळी दुधात फार थोडी उतरते. बाळ प्रीमॅच्युअर आहे हे मानसोपचारतज्ज्ञांना आणि गोळी सुरू आहे हे बालरोगतज्ज्ञांना, दोघांनाही सांगा. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, साधारणपणे बरं वाटल्यानंतरही सहा महिने चालू ठेवतात.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्यांच्याशीही बोला. आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर: फुकट, चोवीस तास, मराठीतही. गावात कुणाला न कळता पहिल्यांदा बोलायला हा बरा.

दाखल व्हायची वेळ आली तर बाळापासून तोडतील ही भीती मोठी असते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलेलं आहे की तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. अपवाद फक्त आईच्या आजारामुळे मुलाला धोका असेल तेव्हाचा किंवा मुलाच्याच हितासाठी आणि सुरक्षेसाठी गरज पडली तरचा, तोही तात्पुरता.

ज्यात थांबायचं नाही

हजारात एक-दोन बायकांना बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, सायकोसिस होतो. झोप नाही आणि तरी थकवा नाही, अखंड बोलणं, संशय, नसलेले आवाज. एनआयसीयूच्या आईत तो 'बाळ बदललंय, हे माझं नाही' असा येऊ शकतो आणि घरच्यांना तो ताण वाटतो. ती ठामपणे, पुन्हा पुन्हा तेच म्हणत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. १०८ला फोन करा. तिला एकटं ठेवू नका, बाळासोबत एकटं तर मुळीच नाही. बाहेरचं काही लागलंय म्हणून देवऋषाकडे नेण्यात जातात ते दिवस फार महाग पडतात. हा आजार उपचारांनी चांगला बरा होतो. जिला आधी बायपोलरचा (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी अशा आजाराचा) त्रास होता तिच्या घरच्यांनी पहिल्या दिवसापासून झोपेवर नजर ठेवावी.

नोकरी, बाबा आणि नंतरचं

नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची रजा मिळते. बाळंतपणाआधीची रजा वापरायच्या आतच बाळ झालं असेल तर सगळी नंतर घेता येते. शिवाय बाळ वेळेआधी झाल्यामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे; आधी ती मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १० खाली होती, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६५ खाली आहे. एचआरला सहसा माहीत नसतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून कलमाचा आकडा लिहा.

बाबांचंही पान करा. माझा नवरा युनिट, ऑफिस आणि बिलाचं काउंटर यांत फिरत राहिला आणि चौथ्या महिन्यात रोज रात्री पार्किंगमध्ये गाडीत अर्धा तास बसून राहायला लागला. पुरुषांचं डिप्रेशन असंही दिसतं.

ज्यांचं बाळ राहिलं नाही त्या बाईलाही दूध येतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. दूध थांबवण्याबद्दल डॉक्टरांना घरी जायच्या आधीच विचारा. तिचं पानही तेवढेच महिने चालू ठेवायचं, जास्तच.

बाळाची मूळची डिलिव्हरीची तारीख, पहिला वाढदिवस, शेजारणीचं त्याच महिन्यातलं बाळ बसायला लागलं तो दिवस, हे दिवस जड जातात. वाढीची तुलना करायचीच तर मूळ तारखेपासून धरलेल्या वयाने करा, दोन वर्षांपर्यंत डॉक्टरही तसंच धरतात.

पुढच्या खेपेचा विचार असेल तर लक्षात घ्या: एकदा बाळ लवकर झालं की पुन्हा तसं व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि एकदा डिप्रेशन येऊन गेलं की तेही पुन्हा येऊ शकतं. दोन्हींवर आधीपासून लक्ष ठेवता येतं. त्या जुन्या फाइलमधून बाळाचं डिस्चार्ज कार्ड आणि आपलं पान, दोन्हींची झेरॉक्स काढा आणि पहिल्याच तपासणीला नव्या केसपेपरला टाचून द्या.